सप्टेंबरचे २४ दिवस

कामगार विम्याच्या, म्हणजे ईएसआयच्या, शाखा कार्यालयात काचेपलीकडच्या मॅडमनी स्क्रीन थोडी माझ्याकडे वळवली आणि पेनाच्या टोकाने एक आकडा दाखवला. ६३. "एप्रिल ते सप्टेंबर, तुमचे एवढेच दिवस भरलेत. बेकारीच्या मदतीला लागतात ७८."

मी स्टोअरकीपर. बारा वर्षं दुसऱ्यांच्या मालाचा हिशेब ठेवला. रजिस्टरवर ६३ आणि रॅकवर ८७ असं निघालं की काय करायचं ते मला माहीत आहे. आधी आपली मोजणी पुन्हा करायची, मग नोंद कुणाची चुकली ते शोधायचं. या वेळी मोजायचा माल मी स्वतः होतो, एवढाच फरक.

भोसरी एमआयडीसीत पत्र्याचे छोटे भाग दाबून देणाऱ्या एका प्रेसशॉपमध्ये मी कामाला होतो. चाळीसेक माणसं. मोठ्या कंपनीच्या व्हेंडरचे आम्ही व्हेंडर, त्यामुळे वरचं शेड्यूल जरा हललं की आमची एक शिफ्ट गेलीच म्हणून समजायचं. २०२० मध्ये तर शेड्यूल नावाची गोष्टच उरली नव्हती. एप्रिल पूर्ण बंद, पगार शून्य. मे महिन्यात ७ दिवस भरले. जूनमध्ये १५. जुलैत पुणे आणि पिंपरी-चिंचवडला पुन्हा दहा दिवसांचा लॉकडाऊन लागला, तरी १६ झाले. ऑगस्टमध्ये २५, सप्टेंबरमध्ये २४. आता गाडी रुळावर आली असं वाटायला लागलं होतं.

३० सप्टेंबरला, बुधवारी, सुटीच्या वेळी सहाजणांना ऑफिसात बोलावलं. मालक नव्हते, अकाउंटंट होता. उद्यापासून येऊ नका म्हणाला. त्याचाही आवाज बसलेला होता, खोटं कशाला बोलू. मग त्याने कोरे कागद पुढे केले. "राजीनामा लिहून द्या, हिशेब आठ दिवसांत देतो."

मी पेन हातात घेतलंही होतं. आमच्यातला प्रेसवरचा ऑपरेटर, अकरा वर्षं तिथे काढलेला लातूरकडचा माणूस, शांतपणे म्हणाला, "आम्ही सोडत नाही, तुम्ही काढताय. मग राजीनामा कशाचा?" कुणीच लिहून दिला नाही. कागद तसेच कोरे टेबलावर राहिले. सप्टेंबरचा पगार १० ऑक्टोबरला बँकेत आला, सोबत पगाराची स्लिपही मिळाली. ती स्लिप मी फाइलला लावली. सवयीने, दुसरं काही मनात नव्हतं.

बेकार झालेल्याला सरकार पैसे देतं हे मला आमच्या जुन्या वर्कमॅनच्या ग्रुपवरून कळलं. "५० टक्के पगार घरबसल्या" असा तो मेसेज होता, आणि असल्या मेसेजचं मी जे करतो तेच केलं, म्हणजे काही नाही. दोन दिवसांनी बायकोने विचारलं, "ते ईएसआयचे कापायचे ना दर महिन्याला, ते कशाचे?" मी म्हटलं, दवाखान्याचे. आईच्या बीपीच्या गोळ्या कामगार विम्याच्या दवाखान्यातूनच येतात. आमच्याकडे ईएसआय म्हणजे ती रांग, ते पेहचान कार्ड आणि गोळ्यांची कागदी पुडी. विमा हा शब्द त्यात आहे हे कुणाच्या डोक्यातही नसतं.

मग शोधलं. योजना खरी निघाली: अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. कर्मचारी राज्य विमा महामंडळाची, १ जुलै २०१८ पासूनची. आधी सरासरी पगाराच्या २५ टक्के मिळायचे, तेही तीन महिने बेकार राहिल्यावर. कोविडमुळे २४ मार्च २०२० पासून नोकरी गेलेल्यांसाठी ते ५० टक्के केले आणि तीन महिन्यांऐवजी ३० दिवसांनी दावा करता येऊ लागला. जास्तीत जास्त ९० दिवसांचे पैसे, आणि आयुष्यात एकदाच. गैरवर्तनावरून काढलेला, निवृत्त झालेला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेला यात बसत नाही. ते शेवटचं वाक्य वाचल्यावर मला ते कोरे कागद आठवले आणि पोटात गोळा आला.

रात्री वही घेऊन बसलो. पगार १७,०००. त्यातून माझे ०.७५ टक्के, म्हणजे १२८ रुपये, कंपनीचे ३.२५ टक्के, ५५३. जुलै २०१९ च्या आधी दर जास्त होता, माझ्या हातून १.७५ टक्के जायचे. सहा वर्षं हे चालू होतं. मदतीचं गणित असं: बेकारीच्या आधीच्या चार सहामाह्यांचा एकूण पगार, भागिले ७३०, आणि त्याच्या निम्मे. ईएसआयची सहामाही एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशी असते. माझी बेरीज ३,५८,१०० आली. रोजचे ४९० रुपये ५५ पैसे, निम्मे २४५ रुपये २७ पैसे. ९० दिवसांचे २२,००० च्या वर. आमचं भाडं ६,५०० होतं. बायकोने वही उलटी करून आकडा पुन्हा वाचला. "भीक नाही ना ही?" तिने विचारलं. तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. तिच्या माहेरी रेशनच्या रांगेतही पदर तोंडावर घेऊन उभं राहायची पद्धत होती. मी तिला १२८ चा आकडा दाखवला.

ऑक्टोबरचे तीस दिवस भरेपर्यंत थांबलो. पुढच्या तारखेचा दावा चालत नाही, जेवढे दिवस रिकामे गेले तेवढ्याचाच. अर्ज ईएसआयच्या साइटवर विमा क्रमांक टाकून भरायचा होता. माझा नोंदवलेला मोबाइल नंबर २०१४ चा, ते सिमकार्ड कधीच बंद पडलेलं. त्यातच चार दिवस गेले. शेवटी चौकातल्या नेट कॅफेवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे आधीच असे आठ-दहा जण येऊन गेले होते, त्याला सगळं पाठ होतं. अर्जाची प्रिंट, आधारची झेरॉक्स, पासबुकचं पहिलं पान आणि २० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र.

२० चा स्टॅम्प पेपर कुठे मिळतो हे कुणाला माहीत असेल तर मला सांगा. तीन व्हेंडर फिरलो. दोघे नाही म्हणाले, तिसरा हसला. शेवटी १०० चा घेतला, नोटरीचे वेगळे. तेव्हा मला काय ठाऊक, त्याच नोव्हेंबर महिन्यात प्रतिज्ञापत्राची अट महामंडळाने काढूनच टाकली. तो कागद अजून माझ्याकडे आहे. 'मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की मी बेकार आहे', खाली नोटरीचा लाल शिक्का. घरात माझ्या लग्नाच्या दाखल्यालाही एवढा मोठा शिक्का नाही.

९ नोव्हेंबरला, सोमवारी, शाखा कार्यालयात गेलो. दाराशी कपाळावर बंदूक धरून ताप पाहिला, हातावर सॅनिटायझर, मग दोरी लावून केलेली रांग. माझ्या पुढे एक बाळंतपणाच्या रजेचे कागद घेऊन आलेली मुलगी, तिच्या पुढे हाताला बँडेज असलेला कामगार. त्यांची कामं दिसत होती. माझं काय दिसणार? मी फाइल छातीशी धरून उभा होतो. आणि नंबर आल्यावर तो ६३.

मॅडमनी महिनावार वाचून दाखवलं. मे ७, जून १५, जुलै १६, ऑगस्ट २५. "सप्टेंबर शून्य दिवस. कारण: रजेवर."

"रजेवर? मी ३० तारखेपर्यंत कामावर होतो."

"तुमच्या कंपनीने असं भरलंय. आम्ही बदलू शकत नाही." मग मास्क जरा वर ओढून त्यांनी जे समजावलं ते मी तेव्हाच पासबुकच्या झेरॉक्सच्या मागे लिहून घेतलं. आधीच्या नियमाने चारही सहामाह्यांत ७८ दिवस लागायचे. आता सवलत आहे. बेकारीच्या लगेच आधीच्या सहामाहीत ७८ हवेत, आणि तिच्या मागच्या तिनांपैकी कोणत्याही एकीत ७८. मागच्या तिनांत माझे पूर्ण दिवस होते. अडलं होतं ते लगेच आधीच्या सहामाहीत, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर २०२० मध्ये. कोविडमुळे दिलेली सवलत, आणि दिवस मोजायचे तेही कोविडनेच खाल्लेल्या सहामाहीतले. मी हे बोलून दाखवलं. मॅडम म्हणाल्या, "मला कळतंय. पण तुमचे सप्टेंबरचे दिवस खरंच असतील तर तुमचं काम होणार आहे. कंपनीकडून दुरुस्ती करून आणा."

तिथून बाहेर पडलो तो सरळ चहाच्या टपरीवर, आणि सप्टेंबरची स्लिप काढली. २४ दिवस, पगार १५,६९२, ईएसआय कपात ११८. माझे ११८ रुपये कापून घेतले होते आणि माझ्या नावावर मला रजेवर दाखवलं होतं. आमच्या धंद्यात असं कुणी केलं असतं, म्हणजे चलनावर माल उतरवला आणि रजिस्टरला चढवलाच नाही, तर संध्याकाळपर्यंत गेटवर त्याची झडती झाली असती.

कंपनीच्या गेटवर वॉचमन ओळखीचा, पण आत सोडायला त्याला मनाई. अकाउंटंट बाहेर आला. त्याने सांगितलं की पीएफ-ईएसआयचं काम बाहेरचा कन्सल्टंट बघतो, त्याला इथून शीट जाते. आम्हा सहाजणांना काढल्यामुळे शीटमधून आमच्या ओळी आधीच उडवल्या होत्या, आणि कन्सल्टंटच्या पोराने नावं राहिलेली पाहून शून्य दिवस टाकून, यादीतलं पहिलंच कारण निवडून मोकळा झाला. म्हणजे सहाच्या सहा जण सप्टेंबरमध्ये रजेवर. कुणी मुद्दाम केलं नव्हतं हे मला पटलं. पण दुरुस्त करायचं म्हटल्यावर त्याचं एकच: "साहेब आल्यावर बघू." साहेब दिवाळीपर्यंत आले नाहीत.

दिवाळी तशीच गेली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लक्ष्मीपूजनाला बायकोने वहीऐवजी माझी फाइल पाटावर ठेवली, ते मला आधी थट्टा वाटलं.

दिवाळीनंतर मीच कन्सल्टंटकडे गेलो, चिंचवडला, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. फायलींनी भिंती झाकलेल्या, मधे एका माणसापुरती जागा. मी भांडायच्या तयारीने गेलो होतो, पण तो माणूस गोड निघाला. बसा म्हणाला, पाणी दिलं. नियम त्याला माझ्यापेक्षा, आणि खरं सांगायचं तर खिडकीवरच्या मॅडमपेक्षाही, चांगले माहीत होते.

"दुरुस्तीच्या भानगडीत कशाला पडता? पत्रं, पगारपत्रक, व्याज... महिने जातील. मी सोपं सांगतो. तुम्ही ३१ ऑगस्टला काम सोडलं असं दाखवू. सप्टेंबरचा प्रश्नच मिटला. मग तुमची बेकारी सुरू होते १ सप्टेंबरला, आणि लगेच आधीची सहामाही धरली जाते ऑक्टोबर ते मार्चची. लॉकडाऊनच्या आधीची. त्यात तुमचे दिवस फुल आहेत. शिवाय पैसेही एक महिना आधीपासून मिळतील."

मी बोटांवर मोजून पाहिलं. बरोबर होतं. एक तारीख तीस दिवस मागे सरकवली की ६३ काय नि ७८ काय, सगळं गळून पडत होतं. तो माझ्याकडे बघत होता आणि मी खिडकीबाहेर.

इथे मला थोडं मागे जावं लागेल. २०१६ च्या मार्चमध्ये, मागच्याच एका कंपनीत, महिनाअखेरचा आकडा जुळावा म्हणून मॅनेजरने मला एका मालाची जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, चार दिवस आधीच्या तारखेने करायला लावली. माल आलाच नव्हता. सगळे करतात म्हणाला. ऑडिटमध्ये ट्रकची पावती आणि माझी जीआरएन शेजारी शेजारी ठेवली गेली, तेव्हा मॅनेजरचं नाव कुठेच नव्हतं. सही माझी होती. नोकरी वाचली, पण तेव्हापासून मागच्या तारखेचा शब्द ऐकला तरी माझा हात आखडतो.

इथेही तसंच. सप्टेंबरचा पगार माझ्या बँकेत कंपनीच्या नावाने आलेला. त्याच सप्टेंबरची बेकारीची मदत मी मागणार, आणि अर्जावर सही माझी. उद्या कुणी शेजारी शेजारी ठेवलं तर? आणि दुसरं एक हळूहळू लक्षात आलं. तारीख मागे गेली की कंपनीला सहाजणांची सप्टेंबरची ईएसआयची वर्गणी भरायलाच नको. माझ्या एकट्याचे दोन्हीकडचे मिळून ६२८ रुपये होत होते. सोपं कुणाला जात होतं ते कळलं. मी म्हटलं, विचार करून सांगतो, आणि जिना उतरलो. प्रामाणिकपणाचा आव आणत नाही. त्या रात्री एकदा मी १ सप्टेंबरपासूनचा हिशेब वहीत करून पाहिला होता. मग ते पान फाडलं.

पुन्हा शाखा कार्यालय. या वेळी मॅडमनी मला ओळखलं. मी कंपनीच्या टोलवाटोलवीचं सांगायला सुरुवात केली तर त्यांनी हात वर केला. "तोंडी काही नको. कंपनीला लेखी द्या, रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. त्याची प्रत आमच्याकडे द्या, सोबत पगाराची स्लिप आणि बँकेचं स्टेटमेंट. आणि इथे इनवर्डला, आवक नोंदीला, नंबर घेतल्याशिवाय जाऊ नका."

इनवर्ड! हा माझा प्रांत. त्या रात्री मी आयुष्यातलं सगळ्यात नेटकं पत्र लिहिलं. एकट्याचं नाही, सहाजणांचं. पाचजणांना फोन केले, चौघांच्या सह्या त्यांच्या दारात जाऊन घेतल्या, पाचवा गावी होता, त्याने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. प्रत्येकाचा विमा क्रमांक, सप्टेंबरचे दिवस, पगार, कापलेली रक्कम, सगळं तक्त्यात. माझ्याकडे आणखी एक पुरावा होता ज्याचा मला फार अभिमान होता. तळवड्याच्या एका पुरवठादाराकडे जाऊन मी २८ सप्टेंबरच्या चलनाची त्यांच्याकडची प्रत मिळवली होती: 'माल मिळाला', खाली माझी सही, कंपनीचा शिक्का आणि तारीख. रजेवरचा माणूस शिक्का मारत नाही. मॅडमनी ते चलन उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं. "याची गरज नाही, स्टेटमेंट पुरे आहे." मला वाईट वाटलं, खरंच. इनवर्डच्या माणसाने शिक्का मारला, नंबर टाकला. मी म्हटलं, तारीख पुसट उमटलीय. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मारला.

दरम्यान घर चालवायचं होतं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चाकणला एका गोदामात जागा निघाली. १५,५०० पगार, रात्रपाळी जास्त. सोमवारी, १४ डिसेंबरला हजर व्हायचं. मित्र म्हणाले, ९० दिवस २९ डिसेंबरला पुरे होतायत, पंधरा दिवस थांब, नाहीतर तेवढे पैसे बुडतील. एकाने सुचवलं की सुरुवातीला रोखीत घे, नाव जानेवारीपासून लाव. मी गोदामाच्या एचआरला पहिल्याच दिवशी सांगितलं, "माझा ईएसआय नंबर जुना आहे, तोच लावा, नवा काढू नका." नवा काढला असता तर सहा वर्षांची नोंद एका नंबरवर आणि मी दुसऱ्यावर असं झालं असतं. त्यामुळे माझे बेकारीचे दिवस ठरले: ऑक्टोबरचे ३१, नोव्हेंबरचे ३०, डिसेंबरचे १३. चौऱ्याहत्तर. मधेच काम लागलं तर तोपर्यंतच्या दिवसांचे पैसे मिळतात, हे मी आधीच विचारून घेतलं होतं.

पत्राने काम केलं की त्याची प्रत शाखा कार्यालयात पोचली आहे या माहितीने, ते सांगता येत नाही. पोचपावती आल्यानंतर दहा-बारा दिवसांत अकाउंटंटचा स्वतःहून फोन आला. आवाज तोच, बसलेला. "अरे, एवढं कशाला करायचं? सांगायचं ना." मी काही बोललो नाही. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात कंपनीने दुरुस्तीचं पत्र आणि पगारपत्रक दिलं, सहाजणांची वर्गणी भरली. उशिराला वर्षाला १२ टक्के व्याज लागतं. माझ्या वाटच्या ६२८ वर ते वीस रुपयांच्या आसपास होत होतं. वीस रुपयांसाठी अडीच महिने.

रात्रपाळीहून आल्यावर सकाळी साइट उघडली. मे ७, जून १५, जुलै १६, ऑगस्ट २५, सप्टेंबर २४. एकूण ८७. बायकोला उठवून दाखवलं. ती म्हणाली, हे तर तुम्ही मला नोव्हेंबरपासून सांगताय.

फेब्रुवारीत नवा दावा भरला, ७४ दिवसांचा, या वेळी प्रतिज्ञापत्राशिवाय. त्यातही एक गाठ पडलीच. माझी बँक २०२० च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या बँकेत विलीन झालेली, पासबुकवर जुना आयएफएससी आणि अर्जात नवा. मॅडमनी फोन करून बोलावलं, नवं पासबुक छापून नेलं, दहा मिनिटांत काम झालं. त्या दिवशी मी त्यांना विचारलं, रोज असे किती येतात? त्या म्हणाल्या, "येतात पुष्कळ. ६३ बघून परत जातात, ते पुन्हा येत नाहीत."

मार्चच्या सुरुवातीला गोदामात मोजणी चालू असताना मोबाइल थरथरला. १८,१५० रुपये जमा. मी हातातल्या पुठ्ठ्यावर तो आकडा लिहिला आणि वहीतल्या २४५ रुपये २७ पैशांना मनातल्या मनात ७४ ने गुणलं. जुळला. मग लक्षात आलं की या नादात रॅक कितीपर्यंत मोजला होता ते विसरलो. पुन्हा पहिल्यापासून.

ते कळल्यावर बाकीचे पाचही जण एकेक करून घरी आले. दोघांचे अर्ज मीच भरून दिले. ऑपरेटर सगळ्यात शेवटी आला, रविवारी, पगाराच्या सगळ्या स्लिपा रबरबँड लावून. लॉकडाऊनमध्ये तो गावी अडकला होता, जूनच्या मध्यावर परत आला. मी लॉगिन करून त्याचं पान उघडलं. सप्टेंबर दुरुस्त झालेला होता. जून ८, जुलै १४, ऑगस्ट २५, सप्टेंबर २४. मी बेरीज केली, मग कागदावर केली, मग त्याला करायला लावली. ७१.

सात कमी. अकरा वर्षांच्या नोंदी त्याच पानावर खाली दिसत होत्या, सगळ्या सहामाह्या भरलेल्या. ही एकच सोडून. त्याला समजावून सांगताना नको ते बोलून गेलो. त्याला फक्त एक दिवस आधी, २९ तारखेला काढलं असतं, तर बेकारी सप्टेंबरमध्येच सुरू झाली असती आणि मागची सहामाही लॉकडाऊनच्या आधीची धरली गेली असती. तीत त्याचे पूर्ण दिवस होते.

त्याने स्लिपा गोळा केल्या, रबरबँड पुन्हा चढवला. बायकोने चहा आणला होता, तो घेतला.

"२९ ला?" तो म्हणाला. "२९ ला तर मला रात्री नऊपर्यंत थांबवलं होतं. माल अर्जंट होता."